तुळईचा कस

सुरत-भुसावळ लोहमार्गावर चलथाण लागते. त्याच्या पूर्वेस व्यारा-सोनगडचे आणि आग्नेयेस डांगचे सागवान. डांगची जंगले इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली, ती जहाजबांधणीच्या सागासाठी. त्या काळी लाकडाचा कस जाणत्या सुताराच्या नजरेवर व हाताच्या अंदाजावर ठरे.

१९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथे लाकडे यंत्रात वाकवून, मोडून पाहिली गेली आणि सागाचे बळ १०० धरून इतरांची तुलना झाली. व्ही. डी. लिमये यांनी या परीक्षणांची कोष्टके प्रसिद्ध केली.

परंतु एकाच झाडाच्या दोन तुळया सारख्याच बळाच्या निघतील, असे नाही. भाराखाली तुळई वाकते, तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो व खालचा ताणला जातो. म्हणून मध्यभागी, खालच्या कडेची गाठ विशेष घातक. तंतू तिरके असले तरीही तुळई लवकर चिरते. १९५७ च्या भारतीय मानकसंहितेने असे दोष मोजून इमारती लाकडाची प्रतवारी लावण्याचे नियम घालून दिले.

सुताराच्या नजरेला अशी मोजपट्टी लाभली. गाठ मात्र आजही आधी डोळ्यांनीच हेरावी लागते. छपराखाली निजणाऱ्यांचे जीव त्या पारखीवर विसंबून असतात.