केसकरांनी गाणी बंद केली, लोकांनी स्टेशन बदललं

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले, तेव्हा नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बहनों और भाइयों'चा पाऊस पडला. श्रद्धांजली वाहून झाली. पण हा आवाज घराघरात पोचला कसा, त्यामागचं सरकारी राजकारण फारसं कुणी सांगितलं नाही. मंडळी, ते आज आपल्याला लागू आहे, म्हणून ही पोस्ट.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची रुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. हेतू चांगलाच होता, पण लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी आलेले ताकदवान ट्रान्समीटर त्या स्टेशनकडे होते. आवाज खणखणीत यायचा.

३ डिसेंबर १९५२ ला तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक विशीतला मुंबईचा पोरगा, मानधन आठवड्याला २५ रुपये. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची. आणि गंमत बघा, याच अमीनला आकाशवाणीने हिंदी निवेदक म्हणून नाकारलं होतं. उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची झाक येते म्हणे.

मग ही भाषा आली कुठून? तर घरातून. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या. मजकूर सोप्या हिंदुस्तानीत, लिपी देवनागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन त्या कामात हाताखाली होते. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहायचं, ही शिकवण माइकसमोर कामी आली. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला हे कुणी इतकं नीट शिकवलं नाही.

सुरुवातीला सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रं आली, पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत आकडा गेला. पत्रं आवरेनात, तेव्हा रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यावरून क्रम ठरू लागला. म्हणजे बुधवारी रात्री आठला गावातल्या माणसाला वाटायचं, यात माझंही मत आहे. ही खरी कमाई. आवाज गोड असणारे तेव्हाही पुष्कळ होते.

शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पण तोवर पाच वर्षं गेली होती. गीतमाला मात्र १९८८ पर्यंत सिलोनवर आणि नंतर विविध भारतीवर १९९४ पर्यंत चालली.

आता नाशिककडे या. कोविडमध्ये शाळा बंद होत्या. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथल्या पोरांसाठी आपल्या 'रेडिओ विश्वास'ने ९०.८ वर 'शिक्षण सर्वांसाठी' चालवलं. शिक्षक स्टुडिओत येऊन धडे रेकॉर्ड करत होते. त्याला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही मिळाला. साधा आवाज किती लांब जातो, हे आपण इथेच पाहिलंय.

पण याच रेडिओला, आणि खासगी एफएमला, स्वतः गोळा केलेली बातमी द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीचीच बातमी पुढे लावायची. कांद्याचे लिलाव का बंद पडले, गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, याची स्वतः केलेली बातमी गावचं स्टेशन देऊ शकत नाही. मी रोज बातमी करतो, म्हणून हे जास्त टोचतं.

अफवा पसरतील, ही सरकारची भीती खोटी नाही. पण दार लावलं म्हणून श्रोता बसून राहतो का? १९५२ मध्ये तो सिलोनला गेला. आज तो फॉरवर्डकडे जातो. फरक एवढाच, की तिथे त्याला एक जबाबदार अमीन सयानी भेटला. फॉरवर्ड पाठवणाऱ्याचं तर नावही माहीत नसतं.

गावच्या रेडिओवर गावची बातमी हवी की नको? तुमचं मत लिहा, नाही म्हणणाऱ्यांनीही लिहा. सगळं वाचणार आहे.