आश्रयार्थीची पहिली नोंद : वळिवडे ते मुंडगोड

मायदेशी जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका निर्माण झाल्याने दुसऱ्या देशात येऊन संरक्षण मागणारा मनुष्य म्हणजे आश्रयार्थी. त्याचा दावा तपासून मान्य झाला की तो निर्वासित ठरतो. या दोन अवस्थांच्या मधे एक टेबल असते, एक नोंदवही असते आणि ती लिहिणारा एक अधिकारी असतो. नाव, वय, जन्मस्थान, कुटुंब, येण्याचा मार्ग आणि येण्याचे कारण या गोष्टी तो प्रथम कागदावर उतरवतो. पुढील अनेक वर्षे, कधी पुढील पिढीपर्यंत, तोच कागद त्या माणसाविषयी बोलत राहतो.

बेळगाव-निपाणी पट्ट्याला हा विषय परका नाही. निपाणीच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर आहे आणि त्यालगतच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. बेळगावच्या दक्षिणेस, हुबळीच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आजही नांदते आहे. ही दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवली, तर पहिली नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम नेमके काय असते हे समजणे सोपे जाते.

वळिवड्याची छावणी

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड व्यापला. १९४० आणि १९४१ या वर्षांत तेथील लक्षावधी लोकांना सैबेरिया, कझाकस्तान आदी भागांत हद्दपार करण्यात आले. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून मोठा लोंढा इराणात उतरला आणि तेथून काही हजार लोक कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगर संस्थानातील बालाचडी येथे मुलांची छावणी १९४२ मध्ये उभी राहिली. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ पासून कुटुंबे येऊ लागली. तेथील वस्ती सुमारे पाच हजारांवर गेली. हिंदुस्थानातील पोलिश छावण्यांत ती सर्वांत मोठी होती. रहिवाशांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता, कारण धडधाकट पुरुष बहुतांशी सैन्यात दाखल झाले होते.

छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश अधिकाऱ्यांकडे होता. भारत सरकारतर्फे निर्वासितविषयक कामाची सूत्रे कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब यांच्याकडे होती. शाळा, दवाखाना, चर्च, टपाल कचेरी अशा सोयी छावणीत उभ्या राहिल्या. या साऱ्याच्या मुळाशी याद्या होत्या. कोण कोणाची आई, कोणते मूल अनाथ, कोणाचा पती वा मुलगा कोणत्या पलटणीत, याची नोंद असल्याशिवाय खोली, शिधा किंवा शाळेतील जागा देता येत नव्हती.

या नोंदींचे खरे वजन युद्ध संपल्यावर कळले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. छावणीतील बहुसंख्यांची गावे तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचे तर कोठे, हा प्रश्न उभा राहिला. पोलिश सैन्यात आप्त असलेल्यांना ब्रिटनची वाट मोकळी झाली. इतरांना पूर्व आफ्रिकेतील छावण्या वा अन्य देश शोधावे लागले. ‘सैन्यातील नातेवाईक’ या एका रकान्याने कुटुंबाचा खंड ठरवला. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. फाळणीने घरदार सुटलेले सिंधी लोक त्याच बराकींत वसले आणि आजचे गांधीनगर त्यातून उभे राहिले. एकाच जागी दोन निर्वासित समूहांची नोंद झाल्याचे असे उदाहरण विरळाच.

मुंडगोडची वसाहत

मार्च १९५९ च्या अखेरीस दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी सीमा ओलांडून उतरले. आसामातील मिसामारी आणि बंगालातील बक्सा येथे प्राथमिक छावण्या उघडल्या गेल्या. तेथील उष्ण, दमट हवा थंड प्रदेशातील लोकांना मानवेना. तत्कालीन म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा यांनी वसाहतींसाठी जमीन देऊ केली. पहिली वसाहत बैलकुप्पे येथे झाली आणि १९६६ मध्ये मुंडगोड येथे ‘डोगुलिंग’ वसाहत स्थापन झाली. ल्हासाजवळचे डेपुंग आणि गांदेन हे मठ येथे नव्याने उभे राहिले.

यानंतरही नेपाळमार्गे नवे लोक येत राहिले. त्यांची पहिली विचारपूस काठमांडू व धर्मशाळा येथील स्वागत केंद्रांत होई. २००३ पासून काठमांडूतील भारतीय दूतावासातर्फे विशेष प्रवेश परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. परवान्यावर येण्याचा हेतू लिहिलेला असतो : तीर्थयात्रा, शिक्षण किंवा अन्य. या एका शब्दावर पुढे दीर्घकालीन नोंदणी मिळेल की ठरावीक मुदतीत परतावे लागेल, हे अवलंबून राहते. भारतात राहणाऱ्या तिबेटी माणसाचा मुख्य कागद म्हणजे पोलिसांकडून मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र. मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. गोव्यात बागा-कळंगुटला वस्तू विकणाऱ्या तिबेटी व्यावसायिकाच्या खिशातही हाच कागद असतो.

कायद्याची चौकट

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर वा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि आश्रय देण्याविषयीचा स्वतंत्र कायदाही देशात नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत आश्रयार्थी हा प्रथमतः ‘विदेशी नागरिक’ असतो. १९३९ चा विदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा विदेशी नागरिक कायदा अनेक दशके लागू होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांची जागा ‘इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५’ ने घेतली आहे. त्यासोबतच्या आदेशाने नोंदणीकृत तिबेटींना ठरावीक अटींवर, तसेच अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समुदायांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट दिली आहे.

जिल्हा पातळीवर नोंदणी अधिकाऱ्याची जबाबदारी सामान्यतः पोलीस अधीक्षकांकडे असते. मुंडगोडसाठी हे कार्यालय आपल्या शेजारच्या कारवारला आहे. प्रत्यक्ष टेबलावर मात्र विदेशी नागरिक कक्षातील निरीक्षक, फौजदार किंवा हवालदार बसतो. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये कार्यपद्धती घालून दिली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती असल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तर राज्याने ३० दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी शिफारस करावी, असे त्यात म्हटले आहे. दावा टिकण्याजोगा नसल्यास परत पाठवण्याची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे पहिल्या चौकशीचा अहवालच दोन वाटांपैकी एक उघडतो.

न्यायालयांनीही काही मर्यादा आखल्या आहेत. जगण्याचा हक्क देणारा घटनेचा २१ वा अनुच्छेद परदेशी व्यक्तीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या खटल्यात स्पष्ट केले.

टेबलावरचे काम

पहिली अडचण भाषेची. खाम आणि आमदो प्रांतांतील बोली ल्हासाच्या माणसाला सहजी उलगडत नाही. दुभाष्या ‘तिबेटी जाणणारा’ असून भागत नाही. समोरच्याची बोली त्याला कळली पाहिजे. दुभाष्या अर्जदाराच्या विरोधी गटातला नाही, याचीही खात्री करावी लागते.

दुसरी अडचण नावाची. बहुसंख्य तिबेटींना आडनाव नसते आणि एकाच नावाची कितीतरी माणसे एका वसाहतीत भेटतात. पोलिश आडनावे रोमन लिपीतच असली तरी त्यांचे उच्चार निराळे. ऐकून लिहिले की एकाच माणसाची दोन स्पेलिंगे तयार होतात. नाव प्रथम त्याच्या लिपीत लिहून घ्यावे, मग आपल्या लिपीत उतरवावे, हा यावरचा साधा उपाय आहे.

तिसरी अडचण जन्मतारखेची. तिबेटी परंपरेत नववर्षाला सर्वांचेच वय एका वर्षाने वाढते. नेमकी तारीख अनेकांना ठाऊक नसते. मग अधिकारी १ जानेवारी लिहितो. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेल्या पिढ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. तारीख अंदाजाने लिहिली असेल, तर तसा शेरा मारणे आवश्यक असते.

चौथी आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे कहाणी. छळ सोसलेला माणूस घटनांचा क्रम विसरतो, तारखा चुकवतो आणि गणवेश पाहून गप्प बसतो. स्त्रिया कुटुंबासमोर काही गोष्टी बोलत नाहीत. म्हणून मुलाखत एकांतात घ्यावी, स्त्रियांसाठी महिला अधिकारी असावी आणि एकट्या आलेल्या मुलाची चौकशी पालकतुल्य व्यक्तीच्या उपस्थितीत करावी, असे संकेत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार दावा सिद्ध करण्याचा भार तत्त्वतः अर्जदारावर असला, तरी तथ्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार व तपासणारा या दोघांची असते. कथन एकूण विश्वसनीय असेल, तर संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा. त्याचवेळी खोटी ओळख घेऊन आलेल्याला ओळखणे हेही याच अधिकाऱ्याचे कर्तव्य असते. सर्वांवर अविश्वास दाखवून हे साधत नाही. उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहिणे, ती वाचून दाखवणे, दुरुस्ती करू देणे आणि मग सही घेणे, या क्रमानेच खरे-खोटे निवडता येते.

चुकीच्या नोंदीची किंमत

नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक असते. तिबेटी आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांनाही हे लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले. परंतु हा हक्क सांगायचा तर जन्म भारतात झाल्याचा पुरावा हवा. नोंदणी सुलभ व्हावी म्हणून जुन्या कागदांत जन्मस्थान तिबेट लिहिले गेले असेल, तर त्या माणसाला आपल्याच कागदाविरुद्ध भांडावे लागते.

सीमाभागातील वाचकाला याचे मर्म वेगळे सांगायला नको. कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नावाने तयार झाला, यावरून माणसाची किती दमछाक होते, हे १९५६ नंतरच्या पिढ्यांनी येथे अनुभवले आहे. त्यांच्याजवळ निदान सातबारा, शाळेचा दाखला आणि साक्ष देणारे शेजारी होते. आश्रयार्थी येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा यांपैकी काहीच नसते. त्या दिवशी समोरचा अधिकारी जे लिहील, तोच त्याचा पहिला पुरावा असतो. म्हणून या कामाला वेळ द्यावा लागतो, योग्य दुभाष्या मिळवावा लागतो आणि सही घेण्यापूर्वी लिहिलेले एकदा वाचून दाखवावे लागते.