गुप्ततेकडून मतपेटीकडे

गुप्तहेराचे यश तो किती अज्ञात राहतो यावर ठरते. लोकप्रतिनिधीचे, तो लोकांपुढे किती उभा राहतो यावर. अमेरिकेतील अॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी हे दोन्ही धर्म एकाच आयुष्यात आचरिले.

२००६ ते २०१४ या काळात त्या सी.आय.ए. या गुप्तवार्ता संस्थेत अधिकारी होत्या. पुढे त्या व्हर्जिनियास परतल्या. २०१७ साली त्यांच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी डेव्ह ब्रॅट यांनी आरोग्यविम्याचा कायदा मोडू पाहणाऱ्या विधेयकास मत दिले, आणि स्पॅनबर्गर निवडणुकीस उभ्या राहिल्या.

२०१८ च्या त्या लढतीत दैवाने विलक्षण थट्टा केली. सुरक्षाविषयक परवानगीसाठी त्यांनी विश्वासाने लिहून दिलेली खाजगी माहिती टपालखात्याच्या चुकीने विरोधकांच्या हाती पडली. देशाची गुपिते राखणाऱ्या बाईंचे स्वतःचेच जीवन प्रचाराचा विषय झाले! तरीही दोन टक्क्यांहून कमी मताधिक्याने का होईना, त्या विजयी झाल्या. २०२५ साली त्याच मतदारांच्या राज्याने त्यांना गव्हर्नर निवडले. हे पद मिळविणाऱ्या व्हर्जिनियातील त्या पहिल्याच स्त्री.

राज्याच्या रक्षणासाठी गुप्तता लागते. परंतु राज्य करण्याचा अधिकार मात्र उघड्यावर, लोकांकडूनच मागून घ्यावा लागतो.