बेडूक तोच, की दुसराच?
धरमपेठेत पहिला पाऊस पडलाय, म्हणून आज बेडकाची गोष्ट. १७९९ मध्ये श्नायडर या जर्मन अभ्यासकाने भारतातल्या एका बेडकाला ‘ब्रेव्हिसेप्स’, म्हणजे आखूड डोक्याचा, असं नाव दिलं. मागच्या पायांवरच्या फावड्यासारख्या गाठीने माती उकरून हा गडी जमिनीत दडतो. पुढे तसा कुठलाही दिसला की तोच, असं चालत राहिलं.

२०१७ मध्ये आनंद पाध्ये, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी शरीराची मापं आणि डीएनए तपासले. पश्चिम भारतातला वेगळाच निघाला! नाव ठेवलं ‘पश्चिमा’. किती सोपं, नाही का?

भानगड पुढे आहे. ‘सगळीकडे आहे’ म्हणून ज्याची काळजी नव्हती, त्याचा मुलूख आता वाटला गेला. जुन्या यादीत नुसतं ‘ब्रेव्हिसेप्स’ दिसलं, तर तो नेमका कोण? बेडूकच पुन्हा शोधावा लागणार.