रिफ (गिटारवादन)

रिफ : गिटारवर पुनःपुन्हा वाजणारे छोटे स्वरवाक्य. चार-चार मात्रांच्या एक-दोन खंडांत ते संपते आणि लगेच पुन्हा सुरू होते. तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात, त्याच्याशी याचे आवर्तनापुरते साम्य आहे. लेहरा मात्र मागे राहून ताल सांभाळतो, तर रिफ पुढे येऊन गाण्याची ओळख बनतो. रिफचे स्वर मोजके असतात. अवघड असतो तो आघात, आणि त्याहून अवघड तार वेळेवर गप्प करणे. त्यामुळे स्वरलिपीत उतरवला तरी रिफचा मोठा भाग कागदाबाहेरच राहतो.

रिफ मूळचा गिटारचा नव्हे. 1930 च्या दशकात कॅन्सस सिटीच्या परंपरेतल्या काउंट बेसीच्या जाझ वाद्यवृंदात ट्रम्पेट-सॅक्सोफोनवादक तोंडी ठरवलेली छोटी वाक्ये एकमेकांवर रचत. ‘वन ओ’क्लॉक जंप’ (1937) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. साध्या गिटारचा आवाज त्या गदारोळात बुडून जाई. विजेवरच्या गिटारने ही अडचण दूर केली. चार्ली क्रिस्चन 1939 मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात आला तो हीच गिटार घेऊन. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ (1958) ची गाजलेली सुरुवात लुई जॉर्डनच्या 1946 मधील एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगनने जवळजवळ तशीच वाजवलेली आढळते. बेरीने हे ऋण उघडपणे मान्य केले होते.

रॉकमध्ये अॅम्प्लिफायरचा आवाज मुद्दाम फाडण्याची प्रथा पडली आणि रिफची घडणच बदलली. फाटलेल्या आवाजात गंधार असलेली कॉर्ड गढूळ होते; षड्ज-पंचमाची जोडी मात्र भारदस्त राहते. गंधार वगळलेल्या या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ (1972) मध्ये रिची ब्लॅकमोरने ही जोडी उलटी केली, म्हणजे पंचम खाली आणि षड्ज वर. वरच्या ओळीत सा, कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म एवढेच चार स्वर आहेत. जगभरचे नवशिके हा रिफ पहिल्या आठवड्यातच शिकतात, आणि बहुतेक जण तो चुकीचा वाजवतात. पिकने वाजवला की एक तार दुसरीच्या किंचित आधी बोलते. ब्लॅकमोर मधल्या दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचतो, म्हणून प्रत्येक जोडी ठोस, एकसंध उमटते.

ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी डावखुरा. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून त्या बोटांवर बसवल्या आणि पातळ तारा लावल्या. पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधील अनेक गाण्यांत तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. हेवी मेटलचा तो जड, खर्जातला आवाज बऱ्याच अंशी या उतरवलेल्या तारांचा आहे. मेटलमध्ये आघात करणाऱ्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवून तार अर्धवट दाबतात, त्याला पाम म्यूट म्हणतात.

फंकमध्ये हेच दाबणे डाव्या हाताकडे जाते. जेम्स ब्राउनचा गिटारवादक जिमी नोलन कॉर्ड क्षणभर धरून बोटे सैल सोडी, पण ती तारांवरून उचलत नसे. उजवा हात सोळाव्या भागाच्या लयीत अखंड चालू राही, त्यामुळे अधूनमधून स्वर आणि बाकी नुसती खरखर ऐकू येई. या शैलीला ‘चिकन स्क्रॅच’ असे नाव पडले. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ (1965) मध्ये गिटार जवळजवळ तालवाद्यच झाली आहे. रेगेतही कॉर्ड समेवर न वाजवता मधल्या मात्रांवर तुटक वाजवतात.

डिक डेलच्या ‘मिसिर्लू’ (1962) मध्ये उलट एकही क्षण रिकामा नाही. पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातल्या या धूनमधले स्वर आपल्या भैरवाचे, आणि पिकचा आघात अतिद्रुत. किन्शासाच्या संगीतात गाण्याच्या उत्तरार्धाला सेबेन म्हणतात. तिथे दोन-तीन गिटारवादक वेगवेगळी छोटी वाक्ये एकमेकांच्या फटींत बसवतात आणि लोक त्यावर नाचत राहतात. फ्रँको (1938–1989) हा त्या परंपरेतला सर्वांत मोठा वादक. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या ‘दम मारो दम’ (1971) ची सुरुवातीची गिटार गायक भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली आहे.

रिफची मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ (1971) ची सुरुवात स्पिरिट या ताफ्याच्या ‘टॉरस’ (1968) वरून घेतल्याचा दावा 2016 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ज्यूरीने फेटाळला आणि 2020 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जुन्या अमेरिकी कायद्यानुसार हक्क नोंदवताना जमा केलेल्या कागदापुरताच होता. म्हणून तुलनेसाठी ‘टॉरस’चे मूळ ध्वनिमुद्रण ज्यूरीला ऐकवू दिले नाही, जमा केलेल्या स्वरलिपीवरून तज्ज्ञांनी वाजवून दाखवले तेवढेच ज्यूरीसमोर आले.