शब्दवेध : पेशकश

पांढरकवड्याच्या कोर्टाबाहेर ‘आज पेशी हाय’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. ही पेशी फारसी ‘पेश’मधली, पेश म्हणजे पुढे, समोर. पुढे चालणारा तो पेशवा, आगाऊ दिलेली ती पेशगी आणि बड्यापुढे आणून ठेवायची ती पेशकश. त्यातला ‘कश’ आला ‘कशीदन’ म्हणजे ओढणे यातून. 1667मध्ये दिलेरखान मोगली फौजेनिशी शेजारच्या चांद्यावर आला आणि गोंड राजाकडून त्याने जबर पेशकश उकळली. नाव नजराण्याचं, काम खंडणीचं!

चीनच्या दरबारी हिशेब वेगळा होता. जपानच्या अशिकागा योशिमित्सूने 1401मध्ये मिंग दरबारी वकील धाडले आणि पुढे ‘जपानचा राजा’ हा किताब घेऊन मांडलिकी पत्करली. तलवारी, गंधक, तांबं पेश करायचं; बदल्यात रेशीम आणि तांब्याची नाणी न्यायची. तोतया वकिलात ओळखता यावी म्हणून 1404पासून जोडचिठ्ठ्या आल्या. अर्धुकं अर्धुकाशी जुळलं तरच व्यापाराला मुभा. 1547मध्ये निघालेली वकिलात शेवटची ठरली. योशिमित्सूने मान तुकवून गल्ला भरला. चांद्याच्या राजाला ती सोय नव्हती, त्याच्या दारात फौज उभी होती.