मस्टर्ड वायूचे त्वचादाह : उपचार आणि गुप्तता

रासायनिक युद्धाच्या इतिहासात मस्टर्ड वायूचे स्थान वेगळे आहे. क्लोरीन व फॉस्जीन हे वायू फुप्फुसांवर आघात करतात. मस्टर्ड त्याखेरीज डोळे आणि त्वचाही जाळतो. नावाने वायू असला तरी सामान्य तापमानात तो तेलकट द्रव असतो. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने त्याचा प्रथम वापर केला. त्वचेवर पडताक्षणी वेदना होत नाही. पेशींतील इजा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होते. लाली आणि फोड मात्र काही तासांनी उमटतात. बिब्बा उतल्याचा अनुभव असणाऱ्यास हा विलंब अपरिचित नाही, जरी दोहोंची कारणे भिन्न असली तरी. मस्टर्डवर खात्रीचा उतारा अद्याप नाही. दूषित कपडे तत्काळ उतरविणे, अंग धुणे आणि पुढे भाजलेल्या जखमेप्रमाणे शुश्रूषा करणे, एवढाच उपचार. म्हणजेच रुग्णाला व वैद्याला वेळीच माहिती मिळणे यावर सारे अवलंबून असते.

ही माहिती अनेकदा हेतुतः दडविली गेली. १९३० च्या दशकापासून रावळपिंडी येथे ब्रिटनमधील पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी हिंदी शिपायांवर मस्टर्डचे प्रयोग केले. गोऱ्या त्वचेपेक्षा हिंदी त्वचेला अधिक इजा होते काय, हा प्रश्न होता! काही शिपायांना गंभीर दाहामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. परंतु पुढे त्यांच्या प्रकृतीची चौकशी झाली नाही. ब्रिटिश अभिलेखागारातील ही हकिगत २००७ मध्ये वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आली.

२ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँबहल्ला केला. हे बंदर ब्रिटिश आठव्या सैन्याच्या रसदेचे ठाणे होते. त्याच सैन्यातील आठव्या हिंदी डिव्हिजनमधून मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण उत्तरेस सांग्रोच्या आघाडीवर लढत होती. बुडालेल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे सुमारे २,००० बाँब होते. रुग्णालयांना त्याची कल्पना नव्हती. तेलाने माखलेल्या खलाशांना ओल्या कपड्यांनिशी घोंगड्यांत गुंडाळून ठेवण्यात आले. साध्या स्नानाने जे टळले असते, ते या उबेने वाढविले. ६०० हून अधिक जण बाधित झाले, त्यांपैकी ८३ रुग्णालयात दगावले. अमेरिकन लष्करी डॉक्टर स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांनी लक्षणांवरून कारण ओळखले, तरी चर्चिल यांनी ब्रिटिश नोंदींत मस्टर्डचा उल्लेख येऊ दिला नाही.

स्वतंत्र भारतात या विषयाचे संशोधन ग्वाल्हेरला झाले. शिंद्यांच्या या राजधानीत १९४७ मध्ये जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली होती. तिचेच पुढे संरक्षण संशोधन व विकास प्रतिष्ठान झाले. तेथे विकसित झालेले ‘सीसी-२’ हे क्लोरीनयुक्त संयुग मस्टर्ड निष्प्रभ करते. ब्लीचिंग पावडरपेक्षा ते त्वचेस सौम्य असले तरी तेही पहिल्या मिनिटांतच लावावे लागते.